संध्याकाळी साडेसातचं ऊन

सातारा-सांगलीकडे लोक किल्ले चढायला जातात, पठारावरची फुलं बघायला जातात, गेलाबाजार एखाद्या लग्नाला तरी जातात. मी गेले ती एक बिघडलेला संगणक बघायला, आणि चार दिवसांनी परत आले ती दोन किलो बेदाणे, डबाभर खर्डा आणि गळ्याशी दाटलेलं काहीतरी घेऊन. घरच्यांना वाटलं, हिला सर्दी झाली.

तीस वर्षं मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचे संगणक सांभाळले. शास्त्रज्ञ हुशार असतात हो, पण संगणक अडला की दुसरीतल्या पोरांसारखे रडकुंडीला येतात. "मॅडम, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालू?" हे मला जितक्या वेळा विचारलं गेलंय, तितक्या वेळा "जेवलात का?" कुणी विचारलं नसेल. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची घरधनीण. ती ज्या रीतीने घर चालवते, त्या रीतीने बाकीच्या प्रोग्रामांना नांदावं लागतं. तिची निवड करताना लोक फॅशन बघतात, आणि मग मला बोलावतात.

या वेळी बोलावलं ते वैशालीने. एके काळी माझ्या हाताखाली शिकलेली, आता तासगावच्या एका कॉलेजात शिकवणारी. सासऱ्यांच्या द्राक्षबागेत तिने तळहाताएवढं एक यंत्र, लॉगर म्हणतात त्याला, टांगून ठेवलं होतं. दर दहा मिनिटांनी ते हवेची उष्णता आणि पानावरचं दव टिपून घेई. पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनी हा बुरशीचा रोग येणार की नाही ते ठरतं. कुठल्या सकाळी औषध फवारायचं आणि कुठल्या सकाळी नाही, हे आधी सांगता आलं तर बागायतदारांचा केवढा ताप वाचेल! दोन हंगाम तिने हे टिपून ठेवलं होतं आणि त्यावरच तिची पीएचडी उभी होती.

"मॅडम, लिनक्स काढून टाकू का?" फोनवर पहिलंच वाक्य.

"का? त्यानं काय पाप केलं?"

"माझे गाइड सर म्हणतात, सगळा दोष त्याचाच. माझ्या नोंदींत काही आठवडे दुपारचं ऊन संध्याकाळी साडेसातला दिसतंय. तासगावात साडेसातला ऊन पडतं का, विचारतात. सगळं टाकून द्या म्हणाले." मग आवाज बारीक झाला. "मॅडम, माझी मुदत संपलीय. आणखी दोन हंगाम मला कोण देणार?"

लिनक्स म्हणजे माझी लाडकी ऑपरेटिंग सिस्टिम; तिला कुणी नावं ठेवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी त्याच आठवड्यात बॅग भरली.

सोमवार, सातारा

साताऱ्यात उतरायचं कारण म्हणजे मोहिते सर. एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात, जुनी ओळख. "वाटेतच आहे, एक नजर टाका," असं त्यांनी सांगितलं होतं. एक नजर म्हणजे तीन तास, हे मला ठाऊक होतं.

त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकाश मोजायचं एक जुनं यंत्र आहे आणि त्याला जोडलेला त्याहून जुना संगणक. त्यावरची विंडोज इतकी जुनी, की पडद्यावरचं चित्र बघून मला माझी तरुणपणची वेणी आठवली. संगणकावर कागद चिकटवलेला: "हात लावू नये. लावल्यास जबाबदारी आपली."

"नवीन सिस्टिम टाकून द्या, मॅडम. तुमचं लिनक्स टाका. विद्यार्थी हसतात हो."

मी बाही वर सारली होती, खोटं कशाला सांगू. पण यंत्राचा प्रोग्राम फक्त त्या जुन्या विंडोजवरच चालतो, आणि यंत्र अजून चोख मोजतंय. "हसू द्या," मी म्हटलं. "काम काय आहे ते आधी बघायचं, सिस्टिम मग. याला इंटरनेट जोडू नका, डिस्कची एक नक्कल काढून कपाटात ठेवा, आणि तो कागद तसाच राहू द्या." लिनक्सवाली बाई विंडोजची वकिली करतेय म्हटल्यावर मोहिते सर इतके खूश झाले, की कंदी पेढ्यांचा पुडा उघडून पुढ्यात ठेवला. दूध आटवून आटवून तांबूस झालेला, गोडीला बेताचा पेढा. मी नाशिककडची, आमच्याकडे पेढा म्हणजे पांढरा आणि नुसता गोड. चार खाल्ले, मग आणखी एक. त्या पाचव्याच्या नादात लॅपटॉपचा चार्जर त्यांच्या भिंतीत खोचलेला राहिला, आणि तो राहिला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मंगळवार, तासगावजवळचा मळा

एसटीचं वर्णन करत बसत नाही. कऱ्हाडला अख्खा मसूर आणि भाकरी खाल्ली एवढं सांगणं मात्र माझं कर्तव्य आहे. कऱ्हाडपर्यंत दोन्हीकडे ऊस. विट्याकडे वळलं की माळ सुरू होतो, डोळ्यांना पिवळा रंग लागतो, आणि मग तासगावच्या अलीकडे पुन्हा हिरव्यागार बागा. मार्च महिना, द्राक्षं उतरवायची घाई. आमच्याकडे द्राक्ष खोक्यात बसून परदेशी जातं. इथे ते शेडमध्ये जाळीवर पसरून वाळवतात, एकावर एक दहा-बारा जाळ्यांचे थर. आत शिरलं की गोड, आंबूस, उबदार वास. मूठभर अर्धे वाळलेले मणी मी तोंडात टाकले आणि काय सांगू, ना द्राक्ष ना बेदाणा, दोन्हींपेक्षा सरस!

मळ्यावर वैशाली, तिच्या सासूबाई आणि सासरे. नवरा सैन्यात, सीमेवर. सासरेही सैन्यातलेच, सिग्नल्स म्हणजे संदेशवहनाच्या विभागातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, आणि घड्याळ डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. मला म्हणाले, "रिपोर्टिंग एक वाजता होतं. एक वाजून वीस झाले."

"आवं, एसटी काय त्यांच्या बापाची हाय व्हय?" सासूबाई आतून ओरडल्या. "या मॅडम, आधी जेवा, मग त्या डबड्याकडं बघा."

पुण्यात पाहुण्याला "थोडं घेणार का?" विचारतात. इथे विचारायची पद्धतच नाही. ताटात भाकरी पडते, वर खर्डा, शेजारी दह्याची वाटी, आणि "पुरे" म्हटलं की त्याचा अर्थ "आणखी एक" असा घेतात.

संगणक बागेच्या कडेच्या खोलीत होता. सुरू केला तर पडद्यावर दोन नावं आली: लिनक्स आणि विंडोज. एकाच संगणकात दोघी नांदत होत्या.

"विंडोज कोण वापरतं?"

"मामा," वैशाली म्हणाली. मामा म्हणजे सासरे. "गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज ते टाइप करून देतात. त्यांचा प्रिंटर विंडोजवरच चालतो. माझं गणित लिनक्सवर. इंटरनेट दोघांनाही नाही. मागे एकदा व्हायरसने सगळं खाल्लं, तेव्हापासून मीच तोडलं."

मी टाळीच वाजवली. दहा मिनिटांत रोग सापडला होता! संगणकाच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं, बंद असतानाही चालणारं. विंडोज समजते, त्यातली वेळ म्हणजे आपली भारतीय वेळ. लिनक्स समजतं, ती ग्रीनविचची वेळ, आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. चूक दोघींचीही नाही, रीत वेगळी. पण मामांनी विंडोजमध्ये घड्याळ बरोबर केलं, की वैशालीच्या लिनक्समध्ये ते साडेपाच तास पुढे धावणार. इंटरनेट असतं तर लिनक्सने आपलं आपण सुधारून घेतलं असतं.

"पुढे दिसायचं खरं अधूनमधून," वैशाली म्हणाली. "मी हाताने बरोबर करून टाकायची."

"लॉगर जोडायच्या आधी की नंतर?"

"आधी." दर रविवारी ती लॉगर आधी जोडायची, मग चहा ठेवायची, मग पडद्याकडे बघायची. आणि लॉगर जोडल्या क्षणी संगणकाची वेळ स्वतःला लावून घेतो. झालं! पुढच्या रविवारपर्यंत तो आठवडा साडेपाच तास पुढे. दुपारी दोनचं ऊन साडेसातला, पहाटे पाचचं दव साडेदहाला.

"मग मामांना विचारलं का नाहीस कधी, की तुम्ही घड्याळ बदलता का?"

"कसं विचारणार, मॅडम?" ती हळूच म्हणाली. "संगणक त्यांनी घेतलेला, खोली त्यांची. मी काय म्हणू, तुम्ही बिघडवता? तुम्हीपण सांगू नका हां. माझी पीएचडी त्यांच्या हातून गेली असं कळलं, तर त्यांना फार लागेल."

मी तोऱ्यात तिच्या सरांना फोन लावायला सांगितला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कारण पटलं. पण चुकीचे आठवडे कुठले, हे कशावरून ठरवणार? ऊन बघून घड्याळ मागे घ्याल, तर उद्या निकाल सोयीचा व्हावा म्हणून दवही मागेपुढे कराल. परीक्षक हेच विचारणार. तुमच्या आकड्यांच्या बाहेरचा साक्षीदार आणा. उद्या दुपारी चारपर्यंत. नाहीतर ते हंगाम सोडा."

तोंडात मारल्यासारखं झालं, कारण माणूस बरोबर बोलत होता. खरा साक्षीदार म्हणजे संगणकाची स्वतःची नोंद. तो कधी सुरू झाला, घड्याळ कधी बदललं, सगळं तो लिहून ठेवतो. पण विंडोज एकदा अडली तेव्हा दुकानदाराने फॉरमॅट मारून सगळं पुसलं होतं, आणि वैशालीने लिनक्स दोनदा नव्याने टाकलं होतं. या फॉरमॅटच्या हौसेपुढे मी आयुष्यभर हात टेकलेत. पोट दुखलं, काढा पोट!

जुन्या पुसलेल्या नोंदी खरवडून काढायचे प्रोग्राम माझ्या लॅपटॉपमध्ये होते. लॅपटॉपची बॅटरी संपलेली. चार्जर साताऱ्यात. माझ्या पाच पेढ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बुधवार, सकाळचे सहा

सकाळी त्या संगणकावरच काही सापडतं का बघावं म्हणून मी उजाडताच खोलीत जाऊन बसले. घड्याळाला मुद्दाम हात लावला नव्हता. बागेत पानांवर दव चकाकत होतं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. इतक्यात सुभेदार आले. अंघोळ झालेली, कपाळाला अष्टगंध, काखेत एक लांबट रजिस्टर.

"मॅडम, माझी ड्यूटी सहा ते सात. एका जवानाच्या बायकोचा अर्ज हाय. तुमची हरकत न्हाई न्हवं?"

मी खुर्ची सोडली. त्यांनी विंडोज सुरू केली. घड्याळात रात्रीचे बारा चाळीस. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, मान हलवली, आणि दाराकडे एक नजर टाकून माझ्याकडे झुकले.

"एक सांगतो, सूनबाईला बोलू नगा. ती घड्याळ चुकीचं लावून ठेवती. बरोबर पाच तास तीस मिनिटं मागं."

वैशालीने लिनक्समध्ये बरोबर केलेलं घड्याळ विंडोजमध्ये तेवढंच मागे दिसत होतं. मला हसू आवरेना. "मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"आवं, कसं सांगायचं? शिकल्याली पोरगी. मी आपला बारावीला गचकल्याला गडी. मला वाटलं, शास्त्राचं काय तरी असंल, ग्रीनविचचा टायम लावत असंल. आमीबी सिग्नल्सला ग्रीनविच लावायचो. म्हनून मी आपलं गपगुमान बरोबर करतो आणि लिवून ठेवतो."

"कुठे लिहून ठेवता?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. बाई गं! तारीख, वार, आणि मोत्यासारख्या अक्षरात ओळीमागे ओळ. "संगणक चालू ०६१०. घड्याळ ५.३० मागे. बरोबर केले. संगणक बंद ०७००. सही." दोन वर्षांची पानं. सैन्यात वायरलेसचा सेट उघडला की वेळ लिहायची, घड्याळ जुळवलं की तेही लिहायचं. न लिहिणाऱ्याची खैर नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ते सेट उघडतच होते.

काही महिन्यांनंतर ओळ बदललेली दिसली: "काम झाल्यावर घड्याळ होते तसे मागे केले."

"हे काय?"

"मग इचार केला, सेट दुसऱ्याचाबी हाय. घेतला तसा परत द्यावा. पर कवा कवा इसरायचो. इसरलो तेबी लिवलंय बघा."

मी त्या पोरीचं नाव घेऊन अशी किंचाळले, की सासूबाई पिठाचे हात घेऊन धावत आल्या. वैशाली आली. मी रजिस्टर तिच्या हातात दिलं आणि दोघांची गुपितं दोघांसमोर फोडून टाकली. मला गुप्तता कधीच झेपलेली नाही. सासरा सुनेकडे बघेना, सून सासऱ्याकडे.

"म्हंजी," सुभेदार सावकाश म्हणाले, "तुझं काम माझ्यापायी बिघडलं?"

"नाही मामा. तुमच्यामुळे वाचलं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"दोन वरसं एकाच घरात र्‍हाता," सासूबाई कडाडल्या, "आणि एक ह्यो काटा फिरीवतोय, एक ती फिरीवतीया! तोंडं शिवली होती व्हय रं देवा!" सगळ्यात आधी सुभेदार हसले, मग आम्हाला कुणालाच थांबता येईना.

मग कामाला लागलो, आणि नियमाने. मी वैशालीला तिच्या आकड्यांची फाइल उघडूच दिली नाही. आधी फक्त रजिस्टर. ज्या रविवारी लॉगर जोडायच्या आधी मामांनी घड्याळ बरोबर केलं आणि मागे नेलं नाही, त्या रविवारपासूनचा आठवडा चुकीचा. सुभेदार वाचत होते, मी कागदावर लिहीत होते. यादी पूर्ण झाल्यावर त्यावर त्यांची सही घेतली. त्यानंतर वैशालीने लिनक्समध्ये तिचे आकडे उघडले आणि आठवडे मोठ्याने वाचायला लागली. पहिला चुकीचा, यादीत आहे. दुसरा, आहे. तिसरा, आहे. प्रत्येक "आहे"ला सासूबाई टाळी वाजवत होत्या. माझा जीव भांड्यात पडत चालला होता, आणि तेवढ्यात वैशाली अडखळली.

"हा एक नाही. आठवडा चुकीचा आहे, पण यादीत नाही."

टाळी थांबली. एक जरी निसटला तर साक्षीदार कच्चा, सर तेच म्हणणार. सुभेदारांनी रजिस्टर ओढून घेतलं, तारीख शोधली. त्या दिवशी ओळच नव्हती. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"त्या दिवशी पोरगा ड्यूटीवर परत गेला," ते म्हणाले. "त्येला यष्टीत बसवून आलो. कुणाचा अर्ज न्हवता. उगंच संगणक लावला आणि त्येचं लहानपणीचं फोटू बघत बसलो. घड्याळ मागं दिसलं, हातानं सवयीनं बरोबर केलं आसंल. लिवायचं ऱ्हायलं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रविवारी वैशालीही लॉगर जोडून चहा ठेवायला विसरली होती, हे तिने मला नंतर सांगितलं.

सुभेदारांनी पेन काढलं. "सैन्यात उशिरा नोंद चालती. पर कारण आणि आजची तारीख लिवावी लागती. लपवायचं न्हाई." आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं: "उशिरा नोंद. संगणक चालू. घड्याळ बरोबर केले असावे. कारण, मुलाचे फोटो पाहिले." खाली सही, आजची तारीख.

चारला सरांचा फोन आला. वैशालीने पानांचे फोटो आधीच पाठवले होते. मी फोनला कान लावून उभी, सुभेदार सावधान.

"असा साक्षीदार मला आयुष्यात मिळाला नाही," सर म्हणाले. "चुकीचे आठवडे साडेपाच तास मागे घ्या. ती उशिरा नोंद पुरावा म्हणून चालणार नाही, तो एक आठवडा गाळा. पण गाळला असं लिहा, आणि रजिस्टरची सगळी पानं परिशिष्टात जोडा. तेही पान जोडा."

"ते पान जोडू का, मामा?" फोन ठेवल्यावर वैशालीने विचारलं. "फोटोंचं लिहिलंय त्यात."

"खरं हाय ते. जोड," ते म्हणाले.

संध्याकाळी मी लिनक्स उघडून एका ओळीची आज्ञा दिली: पोटातलं घड्याळ ग्रीनविचचं नाही, आपलंच समज. तीस वर्षांच्या अनुभवाला एवढंच काम उरलं होतं. लिनक्स काढायचं नाही, विंडोजही काढायची नाही, दोघींनी एका घरात एकच वेळ पाळायची. रात्री सासूबाईंनी कोंबडं कापलं. तिखटाने माझ्या कानातून धूर निघाला आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

गुरुवार, निघताना

पहिली एसटी गाठायची होती. बॅग घेऊन बाहेर पडले तर खोलीत दिवा दिसला. सहा वाजून दहा मिनिटं. सुभेदार विंडोज सुरू करून बसले होते, पेन हातात, आणि दाराशी वैशाली चहाचे दोन कप घेऊन उभी होती. मी बाहेरच थांबले.

त्यांनी पडद्यावरची वेळ बघितली. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. पुन्हा पडदा बघितला.

"बरोबर आहे का, मामा?"

"बरोबर हाय, सूनबाई. बस की, च्या थंड हुईल."

ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, लिहिलं, आणि मग सहीच्या जागी पेन तिच्या हातात दिलं.